फ्रान्सच्या खेड्यातल्या त्याच कॅम्पसाइटवर पुन्हा जायचे असेल तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आपल्या पर्यटन पुरवणीत युरोपच्या सहलींची माहिती भरभरून येते. सल्ला बहुधा एकच असतो: शहरे जितकी जास्त, तितकी सहल पैसावसूल. इंग्लंडमध्ये राहणारी आणि कॅरव्हान (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे छोटे घर) घेऊन फ्रान्सला उतरणारी आम्ही काही मराठी कुटुंबे याच्या अगदी उलट मताची आहोत. एखाद्या कुटुंबाने चालवलेली वीस-पंचवीस जागांची छोटी कॅम्पसाइट मनात भरली, तर पुढल्या वर्षी पुन्हा तिथेच जावे आणि सगळी सुट्टी तिथेच काढावी. दुसऱ्या खेपेला शोधाशोध उरत नाही. दुपारी सावली कुठे सरकते, पिण्याचा नळ कोणता, बाजार कोणत्या वारी भरतो हे ठाऊक असते. शिवाय असल्या कॅम्पसाइटचा संसार मुख्यतः पुन्हा येणाऱ्या पाहुण्यांवरच चालतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्समध्ये आहेत आणि त्यांतली बरीच आता कॅरव्हानकडे वळू लागली आहेत, म्हणून हे जरा तपशिलात लिहीत आहोत. उदाहरणाला नैऋत्य फ्रान्सच्या दोर्दोन्य जिल्ह्यातले वेझेर नदीचे खोरे घेतले आहे.

आधी प्रकार समजून घ्यावेत. फ्रान्समध्ये शेतकऱ्याला आपल्या रानात एका वेळी जास्तीत जास्त ६ तंबू किंवा कॅरव्हान आणि २० माणसे उतरवायची असतील तर गावच्या नगरपालिकेत आगाऊ नोंद केली की पुरते. त्याच्या वरचा प्रकार म्हणजे ‘एर नात्युरेल’. तिथे ३० पर्यंत जागा असतात आणि वर्षातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ ती चालवता येत नाही. त्याहून मोठ्या कॅम्पसाइटना एक ते पाच तारे मिळतात आणि ते दर पाच वर्षांनी नव्याने तपासून घ्यावे लागतात. तारे पाहून कॅम्पसाइट निवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ताऱ्यांचे गुण पोहण्याचा तलाव, स्वागतकक्षाच्या वेळा, दुकान अशा सोयींवर चढतात. जागा किती ऐसपैस आहे आणि मालक स्वतः तिथे राहतो की नाही, हे त्यातून नीट कळत नाही. त्यासाठी नकाशावरचे उपग्रहचित्र पाहावे. कॅरव्हानच्या आकाराच्या पांढऱ्या पेट्या एका रांगेत चिकटून उभ्या दिसल्या, तर ती भाड्याची मोबाइल होम (एका जागी बसवलेली तयार घरे) आहेत आणि कॅरव्हानसाठी कोपरे तेवढे उरले आहेत असे समजावे. शेतघर, कोठार आणि त्यामागे झाडांच्या रांगांमधले गवत दिसले तर चौकशी करावी. मोठ्या कॅम्पसाइटवर एक जागा साधारण ८० ते १०० चौरस मीटरची असते. शेतावर ती बहुधा याहून मोठी मिळते.

(महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटन धोरण आणले. आपल्याकडे कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांनी फ्रान्सची ही सहा जागांची साधी नोंदणीपद्धत जरूर अभ्यासावी. भांडवल थोडे लागते आणि शेती सोडावी लागत नाही.)

पुन्हा जायचे तर बुकिंगची वेळ जानेवारीची. छोट्या कॅम्पसाइट एप्रिलच्या आसपास उघडतात आणि सप्टेंबरअखेर मिटतात, पण मालक गेल्या वर्षीच्या पाहुण्यांच्या जागा हिवाळ्यातच वहीत मांडून ठेवतो. थेट मालकाला ईमेल करावा, मधल्या बुकिंग संकेतस्थळावरून जाऊ नये. तिथले कमिशन त्याच्याच खिशातून जाते. ईमेल फ्रेंचमध्ये, मोजका आणि पुरता असावा: गेल्या वर्षीचा जागेचा क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, मोठी माणसे किती, मुले किती व त्यांची वये, ओढदांड्यासकट (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यासकट) कॅरव्हानची एकूण लांबी, ऑनिंग म्हणजे कॅरव्हानला जोडायचा कापडी मांडव किती बाहेर येतो, किती अँपिअरची वीज हवी आणि कुत्रा आहे की नाही. लांबी सांगताना नुसत्या खोलीची लांबी देणे ही नेहमीची चूक. ओढदांडा धरून कॅरव्हान मीटर-सव्वा मीटरने लांब भरते, आणि ठरलेल्या जागेत वळता न आल्याने आल्या दिवशी सगळ्यांचीच तारांबळ उडते.

आगाऊ रक्कम भरताना पावतीवर ‘आर्र’ लिहिले आहे की ‘आकोंत’ ते पाहावे. ‘आर्र’ असेल तर आपण बेत रद्द केल्यावर ती रक्कम जाते, आणि मालकाने रद्द केल्यास त्याला दुप्पट परत द्यावी लागते. ‘आकोंत’ म्हणजे दोन्ही बाजूंनी पक्का करार. ऐनवेळी माघार घेतली तर उरलेली रक्कमही मागितली जाऊ शकते. आजारपणाची शक्यता असलेल्या कुटुंबाला ‘आर्र’ सोयीचे. याखेरीज रात्रीमागे दर प्रौढ माणसाला थोडा पर्यटन-कर पडतो, १८ वर्षांखालील मुलांना तो माफ असतो.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना सोबत न्यायचे असेल तर व्हिसाचा विचार सगळ्यात आधी करावा. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. अर्ज राहत्या देशातून करायचा असल्याने तो भारतातूनच, निघण्यापूर्वी करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. राहण्याचा पुरावा म्हणून कॅम्पसाइटचे पत्र जोडता येते, पण त्यावर आई-वडिलांची नावे पासपोर्टवर आहेत तशी आणि तारखांसह असावीत. मालक हौसेने ‘फलाणे कुटुंब’ एवढेच लिहून देतो, तसले पत्र अर्जाला जोडून उपयोग नाही. ज्येष्ठांसाठी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: स्वच्छतागृह जागेपासून किती पावलांवर आहे, आणि तिथे कमोड आहेत की जुन्या पद्धतीचे उकिडवे बसायचे संडास. खेड्यात अजून दोन्ही प्रकार आढळतात, आणि गुडघे दुखणाऱ्याला हा फरक मोठा असतो.

इंग्लंडसमोरच्या काले बंदरापासून वेझेर खोरे साधारण ८०० किलोमीटर. कॅरव्हान ओढत हे अंतर एका दिवसात तोडू नये, मध्ये मुक्काम करावा. पॅरिसच्या रिंगरोडच्या वाटेला न जाता आबव्हील, रुआँ, ऑर्लेआँ, व्हिएर्झोंवरून ब्रीव्हला उतरणारा रस्ता बरा; त्यात व्हिएर्झोंपासून ब्रीव्हपर्यंतच्या ए-२० मोटरवेला टोल नाही. टोलनाक्यावर दोन ते तीन मीटर उंचीची गाडी-कॅरव्हानची जोडी दुसऱ्या वर्गात मोडते. दोन मीटर उंचीची मर्यादा लिहिलेली मार्गिका कॅरव्हानवाल्यांनी घेऊ नये. छतावरच्या एसी किंवा अँटेनामुळे उंची तीन मीटरच्या वर गेली, तर यंत्र चौथा वर्ग लावते. उंची खरोखर तीनच्या आत असूनही चुकीचा वर्ग लागला तर मदतीचे बटण दाबून ‘क्लास द’ (दुसरा वर्ग) सांगावे. काही मोटरवेंवर आता नाकेच उरलेले नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो. नॉर्मंडीकडची ए-१३ त्यातलीच. तिथे ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरावे लागतात, नाहीतर घरी दंडाचे पत्र येते.

वेगाचे नियम जोडीच्या वजनावर बदलतात. गाडी आणि कॅरव्हान यांचे कागदोपत्री कमाल वजन मिळून ३.५ टनांच्या आत असेल तर साध्या गाडीचेच नियम: मोटरवेवर १३०, पावसात ११०, खेड्यातल्या रस्त्यांवर बहुतेक जिल्ह्यांत ८०. ३.५ टनांच्या वर गेले की मोटरवेवरही ९०. आमच्या मते वजन कितीही असो, ९० ते १०० च्या पलीकडे जाऊच नये. तीन मार्गिकांच्या रस्त्यावर ७ मीटरहून लांब जोडीला सगळ्यात डावी मार्गिका बंद असते, हे ब्रिटनहून येणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात.

कॅरव्हान रस्त्यावर डोलू लागते त्याचे कारण बहुतेक वेळा भरणीत असते. हुकवर पडणारा भार कॅरव्हानच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. १,५०० किलोच्या कॅरव्हानला ७५ ते १०५ किलो. गाडीच्या हुकची स्वतःची मर्यादा याहून कमी असेल तर ती पाळावी. मागच्या टोकाला सायकली आणि पाण्याचे कॅन लादले की हुकवरचा भार घटतो आणि उतारावर शेपूट हलायला लागते. तांदळाचे पोते, कुकर, डबे अशा जड वस्तू चाकांच्या वर, तळाशी ठेवाव्यात. पाण्याची टाकी रिकामी. डोलणे आवरणारा, घर्षणावर चालणारा स्टॅबिलायझर असेल तर हुकच्या गोळ्याला ग्रीस लावू नये, उलट स्पिरिटने पुसून कोरडा करावा. ग्रीस लागल्यावर त्याची पकडच जाते. टायरची नक्षी चांगली दिसली तरी वय पाहावे. कॅरव्हान बराच काळ एका जागी उभी राहते, त्यामुळे टायर झिजण्याआधी बाजूंनी तडकतात. पाच वर्षांनंतर नीट तपासून घ्यावेत आणि सातच्या पुढे वापरू नयेत.

जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी निघू नये. फ्रान्सची ‘बिझों फ्युते’ ही सरकारी वाहतूकसेवा दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा रंग देते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीचे शनिवार बहुधा काळे असतात. छोट्या कॅम्पसाइट शनिवार ते शनिवारची अट घालत नाहीत. मंगळवारी किंवा बुधवारी पोहोचावे.

सामानाबद्दल मराठी घरांनी जाणून घ्यावी अशी गोष्ट आहे. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनहून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, खवा, चक्का हे सगळे त्यात येते. काले बंदरात डबा उघडायला लावला तर तो तिथेच जातो. ताज्या भाज्या आणि पानांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे कढीपत्ता घरीच ठेवावा. नारळ, केळी, अननस आणि खजूर यांना सूट आहे. पोहे, कणीक, गोडा मसाला यांची अडचण येत नाही. तूप तिकडेच कढवावे. फ्रान्समध्ये बिनमिठाचे लोणी २५० ग्रॅमच्या वड्यांमध्ये कुठेही मिळते. वेष्टणावर ‘दू’ (बिनमिठाचे) असलेले घ्यावे, ‘दमी-सेल’ म्हणजे खारट. दोन वड्यांचे साधारण ४०० ग्रॅम तूप निघते.

पोहोचण्याची वेळ दुपारी दोननंतरची ठेवावी. बारा ते दोन जेवणाची सुट्टी असते आणि ती खेड्यात काटेकोर पाळतात. तेव्हा फाटकात कॅरव्हान अडवून हॉर्न वाजवणे फार वाईट दिसते. भेटल्यावर आधी ‘बोंजूर’, मग बाकीचे.

जागा ओळखीची असली तरी आधी चालत जाऊन पाहावी. हिवाळ्यात फांदी उतरवलेली असते, नवी विजेची पेटी बसलेली असते, जमीन खचलेली असते. झाड कोणते तेही पाहावे. लिंडनच्या झाडाखाली जूनमध्ये किड्यांचा चिकट रस छतावर टपकतो आणि तो वाळल्यावर सहज निघत नाही. पॉप्लरची फांदी वादळात मोडते. ओकची सावली दाट आणि भरवशाची, फक्त सप्टेंबरात फळांचा मारा सुरू होतो. कॅरव्हान आडवी समपातळीत आणताना चाकाखाली उताराचा तुकडा सरकवावा, मग चाकाला अटकाव लावावा, मग पुढच्या छोट्या चाकाने लांबीची पातळी घ्यावी आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यांचे चार पाय टेकवावेत. हे पाय कॅरव्हान स्थिर ठेवण्यापुरते असतात. त्यांनी ती उचलू गेले तर तळाची चौकट वाकते आणि दार बसेनासे होते. पातळी महत्त्वाची आहे ती फ्रिजसाठी. गॅसवरही चालणारा कॅरव्हानचा फ्रिज तिरका राहिला तर त्यातले द्रावण फिरत नाही, आणि मग तो रात्रभर चालूनही गार होत नाही. फ्रिजच्या जाळ्या असलेली बाजू शक्यतो उत्तरेला, उन्हाआड ठेवावी. पस्तीस अंशांच्या दुपारी याचा फरक लगेच जाणवतो.

आता वीज, कारण मालक आणि पाहुणे यांच्यात कुरबुर होते ती बहुधा हिच्यावरून. खेड्यातल्या कॅम्पसाइटवर अनेकदा ६ अँपिअरच मिळतात. २३० व्होल्टने गुणले की १,३८० वॉट. त्यात फ्रिज साधारण १५० वॉट, बॅटरीचा चार्जर १५०, पाणी तापवायचा हीटर ८५०, झाले १,१५०. उरले २३०. अशात कोणी दोन-तीन हजार वॉटची इंग्लिश किटली लावली की एमसीबी उडालाच. पेटीला कुलूप असते आणि किल्ली मालकाकडे. रात्री अकराला उडाला तर सकाळपर्यंत फ्रिज बंद, आणि एकाच पेटीवर असलेल्या शेजाऱ्याचाही कधी कधी बंद. उपाय सोपे आहेत. किटली ७५० ते १,००० वॉटची घ्यावी आणि ती चालू असेपर्यंत पाण्याचा हीटर बंद ठेवावा. इंडक्शन शेगडी घेताना जपावे: अनेक स्वस्त शेगड्यांवर आच ५०० वॉटवर ठेवली तरी त्या प्रत्यक्षात हजार-बाराशे वॉटवर चालू-बंद होत राहतात. आकडा ५०० चा दिसतो आणि एमसीबी तरीही उडतो. वरण-भात, उसळ हे सगळे गॅसवरच करावे. कुकरमुळे गॅसही कमी जळतो. नुसत्या स्वयंपाकाला ६ किलोचा प्रोपेनचा सिलिंडर लहान कुटुंबाला महिनाभर सहज पुरतो. तो भरून न्यावा, कारण ब्रिटिश सिलिंडर फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही. थंडीच्या दिवसांत ब्यूटेन नको. शून्य अंशांच्या आसपास त्याची वाफ होईनाशी होते; प्रोपेन उणे ४० पर्यंत काम देतो. प्रवासात सिलिंडर बंदच हवा.

वायर २५ मीटर लांब आणि २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी आणि पेटी दोन पावलांवर असली तरी रिळावरून पूर्ण सोडावी. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते आणि आतल्या वेढ्यांचे प्लास्टिक वितळते. उरलेली वायर कॅरव्हानखाली सैल पसरून ठेवावी. बहुतेक ठिकाणी निळा तीन पिनांचा औद्योगिक सॉकेट असतो. शेतावर मात्र अजून घरगुती फ्रेंच सॉकेट भेटतो, ज्यात अर्थिंगची पिन सॉकेटमधूनच बाहेर आलेली असते. त्यासाठी अ‍ॅडॅप्टर बरोबर हवा.

फेज आणि न्यूट्रल उलटे असणे ही फ्रान्समध्ये नेहमीची बाब आहे. तिथल्या घरांत दोन्ही तारा एकदम तोडणारे एमसीबी असल्याने त्यांना त्याचा धोका कमी असतो. जुन्या ब्रिटिश कॅरव्हानमध्ये मात्र बटण एकच तार तोडते. तारा उलट्या असतील तर बटण बंद करूनही उपकरणात वीज शिल्लक राहते, आणि ते उघडून दुरुस्त करू गेलेल्याला झटका बसतो. म्हणून वायर पेटीत लावल्यावर कॅरव्हानमधल्या सॉकेटला तीन दिव्यांचा टेस्टर लावून पाहावे. उलटे दिसले तर तारांची अदलाबदल केलेला हातभर लांबीचा जोड मध्ये लावावा आणि पुन्हा टेस्टरने तपासावे. या जोडावर लाल टेप गुंडाळून ठेवावी. पुढच्या ठिकाणी सरळ सॉकेट असताना तोच जोड विसरून लावला, तर उलटेपणा आपणच ओढवून घेतो. अर्थिंगचा दिवाच लागला नाही तर काही चालू करू नये. मालकाला बोलावून दाखवावे.

सांडपाण्याबद्दल. खेड्यात अनेकदा सार्वजनिक गटार नसते. कॅम्पसाइटची स्वतःची सेप्टिक टाकी असते आणि तिच्यात मैला पचवणारे जिवाणू काम करतात. कॅरव्हानच्या संडासाच्या पेटीत घालायच्या निळ्या द्रवात अनेकदा फॉर्माल्डिहाइड किंवा तसलेच जंतुनाशक असते. आठ-दहा कॅरव्हानच्या पेट्या रोज तिथे ओतल्या गेल्या की जिवाणू मरतात, टाकी तुंबते, घाण वास सुटतो आणि ऐन ऑगस्टात मालकाला उपसणाऱ्याचा टँकर बोलवावा लागतो. म्हणून हिरवा, सेप्टिक टाकीला चालणारा द्रव वापरावा, लेबलवर लिहिला असेल तितकाच. उन्हाळ्यात वास आला की जास्त ओतायचा मोह होतो. त्यापेक्षा पेटी भरायची वाट न पाहता दर दोन दिवसांनी रिकामी करावी. पेटी साधारण १८ लिटरची असते. ठरलेल्या जागीच ओतावी, दोनदा खळबळून घ्यावी आणि द्रवाबरोबर दोनेक लिटर पाणी घालून परत बसवावी. फोडणीचे तेल भांडी धुण्याच्या सामाईक सिंकमध्ये जाऊ देऊ नये. कढई आधी कागदाने पुसावी. हळदीचे डागही तिथेच धुऊन काढावेत. ते सिंक संध्याकाळी मालकीणबाई स्वतः घासतात. नळांवर पाटी वाचावी: ‘ओ पोताब्ल’ पिण्याचे, ‘नों पोताब्ल’ बागेचे.

आगीबद्दल कडक राहावे. जुलै २०२२ मध्ये नैऋत्य फ्रान्समधल्या ला तेस्त-द-ब्यूशच्या जंगलाला लागलेल्या वणव्यात ड्यून द्यू पिला या वाळूच्या टेकडीजवळच्या पाच कॅम्पसाइट उद्ध्वस्त झाल्या. उन्हाळ्यात जिल्हाधिकारी कोळशाच्या शेगडीवर बंदी घालतात. ‘गेल्या वर्षी चालत होती’ हे कारण तेव्हा सांगू नये. ऑनिंगचे कापड पॉलिस्टरचे असते, त्यात फोडणी देऊ नये. बंद ऑनिंगमध्ये जळती शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचून जीवही जाऊ शकतो.

नदीकाठची जागा सगळ्यांना हवी असते. फ्रेंच आल्प्समधल्या ग्राँ-बोर्नाँ येथे १४ जुलै १९८७ रोजी डोंगरी ओढ्याला आलेल्या लोंढ्यात कॅम्पसाइटवरच्या २३ जणांचा बळी गेला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी व्हेझों-ला-रोमेनला उव्हेझ नदीनेही कॅम्पसाइट वाहून नेली. त्यानंतर १९९४ च्या नियमांनी पुराचा धोका असलेल्या कॅम्पसाइटना इशारा, सुटकेचा मार्ग आणि जमायची जागा लेखी ठरवणे भाग पडले. तो फलक स्वागतकक्षाजवळ असतो. आल्या दिवशी वाचावा आणि मुलांना ती वाट चालवून आणावी. कॅरव्हानचा ओढदांडा रस्त्याच्या दिशेला ठेवावा. डोंगराकडे वीज चमकत असेल तर इथे आभाळ निरभ्र असले तरी नदीत उतरू नये. पाणी चढू लागले तर कॅरव्हान जोडत बसू नये. माणसांनी आधी उंचावर जावे.

एवढी काळजी घेतली की उरतो तो निवांतपणा, आणि त्यासाठीच परत जायचे. आदल्या संध्याकाळी सांगितले की सकाळी आठला ताजा पाव हाती पडतो. बुधवारी सकाळी आणि शनिवारी जवळच्या सार्ला गावचा बाजार. अक्रोड, बकरीच्या दुधाचे छोटे गोल चीज, सप्टेंबरात अंजिरे. आदिमानवाच्या भित्तिचित्रांची खरी लास्को गुहा १९४० मध्ये सापडली आणि श्वासाच्या दमटपणाने चित्रे बिघडू लागल्याने १९६३ मध्ये बंद झाली. मोंतिन्याकला डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेली तिची प्रतिकृती पाहायला सकाळची पहिली वेळ घ्यावी. दुसऱ्या वर्षी गेलेल्याला हे सगळे एकाच आठवड्यात उरकावे लागत नाही, आणि आमच्या मते युरोप पाहण्याची हीच खरी रीत आहे.

एक दिवस मात्र असा येतो की परत गेल्यावर ओळखीची कॅम्पसाइट उरलेली नसते. मालक थकतात, मुले शहरात असतात, मग कॅम्पसाइट विकली जाते. नवा मालक कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी मोबाइल होम आणतो, कारण एका जागेवर कॅरव्हानपेक्षा त्यांचे उत्पन्न किती तरी जास्त असते. याची चाहूल आधी लागते: कॅरव्हानसाठीच्या जागांचे क्रमांक बदलतात, हंगाम लांबतो, बुकिंग फक्त संकेतस्थळावरून सुरू होते. तेव्हा जुन्या मालकांनाच विचारावे की आसपास अजून कोण कुटुंब कॅम्पसाइट चालवते. त्यांच्या ओळखी पक्क्या असतात आणि ते मनापासून सांगतात.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हिशेब चुकता करावा. शेतावरच्या कॅम्पसाइटवर कार्डयंत्र बंद असते किंवा नसतेच, म्हणून पुरेशी रोकड जवळ असावी. विजेच्या पेटीतला काही दोष, गळका नळ, डुगडुगणारी फरशी दिसली असेल तर ती तेव्हाच शांतपणे सांगावी, इंटरनेटवर लिहू नये. हिवाळ्यात त्यांना दुरुस्तीला वेळ असतो. पुढल्या वर्षीच्या तारखा आणि जागेचा क्रमांक त्यांच्यासमोर वहीत लिहवून घ्यावा, आणि जानेवारीत ईमेल पाठवताना त्या नोंदीचा उल्लेख करावा.

आपले,
कॅरव्हानने फिरणारी काही मराठी कुटुंबे,
मिल्टन कीन्स व लेस्टर, इंग्लंड